एदगार्दो मोर्तारा : एका मोलकरणीनं शिंपडलेलं पाणी

आजचा प्रश्न ऐकायला साधा आहे. पाळण्यातल्या बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं, ठरलेले शब्द म्हटले, की ते बाळ जन्मभरासाठी ख्रिस्ती झालं का? बाळाला काही कळत नाही. समजा, त्याच्या आईबापांनाही पत्ता नाही. तरीसुद्धा?

यावर वाद घालायचा तर रात्र पुरणार नाही. आपण त्यापेक्षा सरळ एका घरात जाऊ, जिथं या प्रश्नाचं उत्तर घेऊन पोलीस आले होते.

२३ जून १८५८ ची संध्याकाळ. इटलीतलं बोलोन्या शहर. तेव्हा पोप हा नुसता धर्मगुरू नव्हता, मध्य इटलीच्या मोठ्या पट्ट्याचा राजाही होता. बोलोन्या त्याच्याच राज्यात. कायदा त्याचा, पोलीस त्याचे. मोमोलो आणि मारियाना मोर्तारा या ज्यू व्यापारी जोडप्याच्या घरी पोलीस शिरले, सगळ्या मुलांची नावं विचारली आणि मग सांगितलं, की सहा वर्षांच्या एदगार्दोचा बाप्तिस्मा झालेला आहे, आम्ही त्याला न्यायला आलोय.

आईबापांना काही कळेना. बाप्तिस्मा? कधी? कुणी केला? हे पोलिसांनाही माहीत नव्हतं. हुकूम होता बोलोन्याचे इन्क्विझिटर फादर फेलेत्ती यांचा. इन्क्विझिटर म्हणजे श्रद्धेच्या बाबतीतले खटले चालवणारा चर्चचा न्यायाधीश. घरच्यांनी विनवण्या करून २४ तास मिळवले. दुसऱ्या संध्याकाळी पोराला गाडीत घालून नेलं, थेट रोमला.

नंतर उलगडा झाला तो असा. मोर्तारांच्या घरी आन्ना मोरिसी नावाची कॅथलिक मोलकरीण होती. एदगार्दो तान्हा असताना आजारी पडला. पोर जाणार, आणि बाप्तिस्म्याविना गेलं तर स्वर्गात जाणार नाही, ही तिची भीती. तिच्या सांगण्याप्रमाणे शेजारच्या वाण्यानं तिला बाप्तिस्मा कसा करायचा ते सांगितलं. (वाण्यानं पुढे साफ हात झटकले.) आईबापांची नजर चुकवून तिनं बादलीतलं थोडं पाणी बाळावर शिंपडलं आणि मंत्र म्हटला. पोर बरं झालं. काही वर्षांनी तिच्या तोंडून ही गोष्ट बाहेर पडली, कानोकान फिरली आणि इन्क्विझिटरपर्यंत पोचली. पुढे मोर्तारांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की पोर मरायला टेकलेलं नव्हतंच.

आता तुम्ही म्हणाल, मोलकरणीनं चोरून केलेला बाप्तिस्मा चर्च कसा काय मान्य करतं?

इथंच खरी गंमत आहे, म्हणजे गंमत म्हणायचं जिवावर येतं. चर्चच्या नियमानं बाप्तिस्मा द्यायला पाद्रीच लागतो असं नाही. जीव जायची वेळ असेल तर कुणीही देऊ शकतं, अगदी स्वतः ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा. पाणी हवं, ठरलेले शब्द हवेत आणि चर्च जे करतं तेच करायचं असा हेतू हवा. बस्स. आणि एकदा झाला की तो पुसता येत नाही. आत्म्यावर कायमची खूण उमटते असं कॅथलिक शिकवण सांगते. या विचाराची मुळं चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनपर्यंत जातात. सैनिकाच्या अंगावर डागलेली खूण तो पळून गेला तरी जात नाही, तसंच हे, असं ऑगस्टीनचं म्हणणं. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेनं ते पक्कं केलं.

पण याच चर्चचा दुसराही नियम होता. ज्यूंच्या मुलांना आईबापांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा देऊ नये. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं हे स्पष्ट मांडलं होतं: मूल अजाण आहे तोवर ते आईबापांच्या हाती, हा निसर्गाचाच न्याय. १७४७ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावा यानंही ही मनाई पुन्हा सांगितली, पण अपवाद ठेवून. मूल मरणाच्या दारात असेल तर चालेल. आणि मनाई मोडून कुणी बाप्तिस्मा दिलाच, तर? देणाऱ्याचं चुकलं, पण बाप्तिस्मा झाला. मूल ख्रिस्ती झालं. आणि पोपच्या राज्यात ख्रिस्ती मूल ज्यूंच्या घरात वाढू शकत नव्हतं.

म्हणजे चूक मोलकरणीची, आणि तिची किंमत आईनं मोजायची.

रोममध्ये एदगार्दोला नवख्रिस्तींसाठीच्या एका संस्थेत ठेवलं. ती संस्था चालवायला ज्यूंकडूनच पैसा वसूल करायची जुनी पद्धत होती, हे जाता जाता सांगून ठेवतो. आईबाप भेटायला गेले. त्यांना सांगितलं गेलं, की तुम्ही ख्रिस्ती व्हा आणि मुलाला घेऊन जा. ते झाले नाहीत. कॅथलिक वर्तमानपत्रं लिहीत होती, की मुलगा आनंदात आहे, त्याला परत जायचंच नाही. वडील सांगत होते, की तो घाबरलाय, घरी यायचं म्हणतोय.

प्रकरण युरोप-अमेरिकेत गाजलं. ज्याच्या फौजेच्या जिवावर पोपचं रोम टिकून होतं, तो फ्रान्सचा तिसरा नेपोलियनसुद्धा चिडला. इंग्लंडमधले ज्यू पुढारी सर मोझेस माँटेफिओरे १८५९ मध्ये स्वतः रोमला गेले, पण पोप पायस नववा त्यांना भेटलाच नाही. ‘आम्हाला ते शक्य नाही’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याच वर्षी बोलोन्यातून पोपची सत्ता गेली. पुढे नव्या सरकारनं फेलेत्तींना अटक केली, खटला चालवला. ते सुटले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणेच वागले होते ना ते!

मग २० सप्टेंबर १८७० ला इटलीच्या सैन्यानं रोम घेतलं. पोपचं राज्य संपलं. एदगार्दो आता १९ वर्षांचा, कायद्यानं मोकळा. घरी जाऊ शकत होता.

तो गेला नाही. वडील न्यायला आले होते, तर तो रोम सोडून ऑस्ट्रियात निघून गेला. १८७३ मध्ये पाद्री झाला. नाव घेतलं पिओ, पोपच्या नावावरून. कारण पोपनं त्याला मुलासारखं वाढवलं होतं. १८७८ मध्ये फ्रान्समध्ये त्याची आईशी भेट झाली. त्यानं तिला ख्रिस्ती करायचा प्रयत्न केला, तिनं ऐकलं नाही. ११ मार्च १९४० ला बेल्जियममधल्या एका मठात तो वारला. दोनच महिन्यांत तिथं हिटलरचं सैन्य शिरलं, आणि त्यांच्या हिशेबात बाप्तिस्म्याला काही किंमत नव्हती. ते आजी-आजोबा कोण होते ते बघत.

पोपची बाजू घेणारे इथं म्हणतात, बघा, तो स्वतःच खूश होता! २०१८ मध्येसुद्धा अमेरिकेतल्या एका मासिकात एका कॅथलिक पाद्र्यानं हे प्रकरण योग्य ठरवणारा लेख लिहिला आणि भरपूर गदारोळ झाला. मला विचाराल तर हा युक्तिवाद त्यांच्यावरच उलटतो. पाण्यानंच काम झालं होतं, तर पोलीस कशाला पाठवले? सहा वर्षं खूण अंगावर घेऊन ते पोर ज्यू घरात ज्यू म्हणूनच वाढत होतं. त्याला पाद्री बनवलं ते रोममधल्या बारा वर्षांनी. चर्च यावर म्हणेल, की खूण वेगळी आणि जिवंत श्रद्धा वेगळी, श्रद्धा जोपासावी लागते. बरोबर आहे. पण मग त्या खुणेच्या नावावर आईच्या हातातून मूल काढून घेता येतं, हे कुठून आलं? ते धर्मशास्त्रातून कमी आणि राज्य हाती असण्यातून जास्त आलं.

आपल्या शेजारी गोव्यातही हे गणित चाललं. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर, तिथं इन्क्विझिशन होतं. त्याचा पाखंडाचा आरोप मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर. जन्माचा हिंदू पाखंडी ठरत नसे, पण बाप्तिस्मा झालेल्यानं घरी गुपचूप जुने विधी केले तर तो ठरे. १५५९ च्या पोर्तुगीज हुकुमानं तर अनाथ हिंदू मुलं थेट जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात द्यायची होती, बाप्तिस्म्यासाठी. तिथंही पाणी आधी आणि समज नंतर.

सगळ्या ख्रिस्ती लोकांना हे पटलेलं होतं असं मात्र समजू नका. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही जणांनी ठरवलं, की तान्हेपणीचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नाही, आणि मोठेपणी समजून-उमजून एकमेकांना पुन्हा दिला. दोन वर्षांनी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला तिथल्या प्रोटेस्टंट सरकारनं नदीत बुडवून मारलं. त्यांच्यावर स्वतंत्र एपिसोड करू.

आज काय? कॅथलिक कायद्यात मरणाच्या दारातल्या बाळाला आईबापांच्या इच्छेविरुद्धही बाप्तिस्मा देता येतो, हे कलम अजून आहे. फरक एवढाच, की मागे पोलीस नाहीत. ज्यांना आपला तान्हेपणीचा बाप्तिस्मा नको आहे असे लोक युरोपात आता चर्चला पत्र पाठवतात. इटलीत १९९९ पासून रजिस्टरात समासात नोंद होते, की या व्यक्तीला आता चर्चमध्ये राहायचं नाही. मूळ नोंद खोडत नाहीत. फ्रान्समध्ये एकानं ती खोडूनच टाका म्हणून मागणी केली, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ती फेटाळली. नोंद राहणार, शेजारी टिपण येणार.

मोर्तारा प्रकरणावर मार्को बेलोक्किओचा ‘रापितो’ हा २०२३ चा सिनेमा आहे, आणि डेव्हिड कर्टझरचं १९९७ चं पुस्तक. वेळ असेल तर आधी पुस्तक घ्या. सिनेमात पोपच जास्त लक्षात राहतो, पुस्तकात मारियाना.