धुक्यापासून ध्रुवपर्यंत

नाशिकच्या गोदाघाटावर थंडीच्या पहाटे उतरणारे धुके पांढरे असते. तिथेच काळ्या दगडासमोर उदबत्तीचा धूर मात्र निळसर दिसतो. हा फरक कणांच्या आकाराचा आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी मोठे असल्याने सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुराचे अतिसूक्ष्म कण निळा रंग अधिक विखुरतात. या विखुरण्याला प्रकीर्णन म्हणतात. लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये अशा लहान कणांसाठी त्याचे गणित मांडले. तरंगलांबीच्या तोडीच्या गोल कणांसाठी ते गुस्टाव मी यांनी १९०८ मध्ये दिले.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. दहा-वीस नॅनोमीटरच्या कणाची घडण जाणायला ती फार मोठी पडते, तिथे न्यूट्रॉनचा तरंग उपयोगी येतो. महाराष्ट्रात ही वाट ट्रॉम्बेला उघडली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे न्यूट्रॉन पुरवणारी अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. त्याच काळात पी. के. अय्यंगार कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम करत होते. जर्मेनियमच्या स्फटिकातील अणूंची कंपने दोघांनी न्यूट्रॉनने मोजली. तो शोधनिबंध १९५८ चा. ब्रॉकहाउस यांना १९९४ मध्ये नोबेल मिळाले. अय्यंगार परतले आणि ट्रॉम्बेच्या गटाने न्यूट्रॉन मोजण्याची उपकरणे स्वतः बांधली. या परंपरेचे खरे मोल त्यातच आहे. पुढे १९६० मध्ये सायरस आणि १९८५ मध्ये १०० मेगावॉटची ध्रुव या अणुभट्ट्या आल्या.

कण जितका मोठा, तितका प्रकीर्णनाचा कोन लहान. अर्धा नॅनोमीटर तरंगलांबीचा न्यूट्रॉन दहा नॅनोमीटरच्या कणावर आदळला, तर तो सुमारे तीन अंशांच्या आतच वळतो. म्हणून न्यूट्रॉन टिपणारा शोधक मूळ झोताच्या अगदी लगत ठेवावा लागतो. ध्रुववरील लघुकोन उपकरणात बेरिलियम ऑक्साइडची गाळणी आखूड तरंग अडवते आणि लांब तरंग पुढे सोडते. साधा हायड्रोजन आणि ड्यूटेरियम न्यूट्रॉनला फार वेगळे विखुरतात. त्यामुळे साबणाचे रेणू साध्या पाण्याऐवजी ड्यूटेरियम असलेल्या जड पाण्यात मिसळले, की त्यांचे पुंजके उठून दिसतात, त्यांचा आकार आणि घाट मोजता येतो.

सायरस ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली. ध्रुववर मात्र यूजीसी-डीएई संशोधन संघाच्या मुंबई केंद्रामार्फत विद्यापीठांतील संशोधकांनाही प्रयोग करता येतात. नाशिकच्या अभ्यासकांनी त्याची चौकशी जरूर करावी.