'वर्णपट' : एका संज्ञेचा अर्थविस्तार

'वर्णपट' या संज्ञेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. अवरक्त व जंबुपार प्रारणे डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना रंगही नाही. मग त्यांचा 'वर्णपट' कसा संभवेल? आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु मूळ युरोपीय संज्ञेचा इतिहास पाहिला असता तो फारसा टिकत नाही.

'स्पेक्ट्रम' हा लॅटिन शब्द 'पाहणे' या अर्थाच्या 'स्पेकेरे' या धातूपासून आला. संस्कृतातील 'पश्यति' आणि हेर या अर्थाचा 'स्पश' हे शब्द याच कुळातले होत. दिसणारी आकृती, आभास, हा त्याचा मूळ अर्थ; भुताला इंग्रजीत 'स्पेक्टर' म्हणतात, तेही यामुळेच. न्यूटनने 1672 मध्ये रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात लोलकातून भिंतीवर पडलेल्या, रुंदीच्या सुमारे पाचपट लांब आकृतीला हा शब्द लावला. पण त्यामागे 'रंगीत' हे विशेषणही जोडले. मूळ शब्दात रंगाची कल्पना नव्हती, याचे हे बोलके गमक होय.

पुढे 1800 मध्ये विल्यम हर्शेलला तांबड्या रंगापलीकडे उष्णता देणारे किरण आढळले; 1801 मध्ये रिटरला जांभळ्यापलीकडे सिल्व्हर क्लोराइड काळे करणारे किरण आढळले. हे किरणही स्पेक्ट्रममध्येच गणले गेले. 1919 मध्ये अॅस्टनने केंब्रिज येथे द्रव्यमान-वर्णपटलेखक सिद्ध केला. त्यात प्रकाशाचे पृथक्करण नसून, आयनांची त्यांच्या द्रव्यमान व विद्युत्भार यांच्या गुणोत्तरानुसार मांडणी होते. अशा रीतीने 'दिसणारी आकृती' हा अर्थ मागे पडून 'एखाद्या राशीच्या मूल्यानुसार लावलेली मांडणी' हा अर्थ रूढ झाला. व्युत्पत्तीच प्रमाण मानावयाची तर 'अदृश्य स्पेक्ट्रम' हा प्रयोगही वदतोव्याघातच ठरेल.

मराठी समासाची घडण या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. 'पट' म्हणजे पसरलेले वस्त्र, विस्तार. संज्ञेचा आजचा आशय मुख्यतः याच पदाने व्यक्त होतो. 'वर्ण' हे पद न्यूटनच्या 'रंगीत' या विशेषणाच्या जागी आले आहे.

तथापि आक्षेपात एक तथ्यांश आहे. इंग्रजी वाचकाला 'स्पेक्ट्रम'ची व्युत्पत्ती सहसा जाणवत नाही. मराठी वाचकाला 'वर्णपट'चा विग्रह तत्काळ जाणवतो, आणि तो रंग शोधू लागतो. पारदर्शक संज्ञेचा हा दोष खरा. पण रूढीने तो झिजतो. 'शाई' या शब्दाच्या मुळाशी काळेपणा वाचक फारसी शब्द आहे, तरी आपण निःशंकपणे 'लाल शाई' म्हणतो. तिळापासून 'तेल' झाले, तरी 'खोबऱ्याचे तेल' कोणाला खटकत नाही.

म्हणून 'वर्णपट' टाकून नवी संज्ञा घडविण्याचे प्रयोजन दिसत नाही. अध्यापकाने मात्र समासाच्या विग्रहापासून आरंभ न करता व्याख्येपासून करावा. संज्ञेचा अर्थ शास्त्रातील तिच्या उपयोगावरून ठरतो. व्युत्पत्ती केवळ तिचा पूर्वेतिहास सांगते.