'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' म्हणजे काय? ते संगणक संथ का करते आणि त्यावर उपाय काय?

लॅपटॉपचा पंखा अचानक जोरात फिरू लागतो, माउस अडखळतो, ब्राउझरची एक टॅब उघडायला अर्धा मिनिट लागते. टास्क मॅनेजर उघडून पाहिले तर यादीत सगळ्यात वर एक अनोळखी नाव असते : अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल. हा व्हायरस आहे का? तो बंद करावा का? समाजमाध्यमांवर 'एका मिनिटात कायमचा बंद करा' असे सांगणारे अनेक व्हिडिओ फिरतात. त्यातले बरेच सल्ले जुने आहेत आणि काही धोक्याचेही आहेत.

ही प्रक्रिया नेमकी काय आहे?

विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो प्रणालीचाच भाग आहे. पूर्वी त्याला विंडोज डिफेंडर म्हणत. अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल हे त्याचे पडद्यामागे काम करणारे इंजिन. त्याच्या फाइलचे नाव 'एम-एस-एम-पी-ई-एन-जी' या अक्षरांनी बनलेले आहे.

हे इंजिन दोन कामे करते. पहिले, सततची पहारेदारी : तुम्ही फाइल उघडली, डाउनलोड केली किंवा पेन ड्राइव्ह लावला की ते ती फाइल तपासते. दुसरे, ठरावीक वेळाने होणारी तपासणी, म्हणजे स्कॅन.

मग संगणक संथ का होतो?

तपासणी करताना इंजिनाला हजारो फाइली वाचाव्या लागतात. झिप फाइल असेल तर ती आतून उलगडून पाहावी लागते. त्यासाठी प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही वापरले जातात. नियोजित तपासणीसाठी प्रोसेसरच्या वापराची मूळ मर्यादा ५० टक्के असते, पण ती सरासरी आहे. मध्येच काही क्षण वापर त्याहून वर जाऊ शकतो. तुम्ही स्वतः सुरू केलेल्या तपासणीला ही मर्यादा सहसा लागू होत नाही.

संगणक जुना असेल, त्यात एसएसडीऐवजी फिरती हार्ड डिस्क असेल किंवा रॅम ४ जीबीच असेल, तर हा भार लगेच जाणवतो. विंडोजचे मोठे अपडेट झाल्यावर किंवा लग्नाचे सगळे फोटो एकदम कॉपी केल्यावरही काही वेळ वापर वाढतो. हे स्वाभाविक आहे.

कधी मात्र चूक डिफेंडरचीच असते. फायरफॉक्स वापरताना हे इंजिन प्रोसेसर अवाजवी खाते, अशी तक्रार २०१८ मध्ये नोंदवली गेली होती. ती दुरुस्त व्हायला २०२३ उजाडले. दुरुस्तीनंतर फायरफॉक्स वापरताना इंजिनाचा प्रोसेसरवरील भार सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्याचे सांगण्यात आले. ही दुरुस्ती डिफेंडरच्या अपडेटमधूनच आली. ज्यांनी अपडेट बंद ठेवले होते, त्यांना ती मिळाली नाही.

आधी खात्री करा : खरे की तोतया?

घातक प्रोग्रॅम कधी कधी प्रणालीच्या प्रक्रियेसारखेच नाव घेतात, किंवा त्यातले एखादेच अक्षर बदलतात. म्हणून हे तपासा :

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल.

२. 'सीपीयू' या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक करा. सर्वाधिक वापर करणारी प्रक्रिया वर येईल.

३. तिच्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा.

४. खरी फाइल सी ड्राइव्हमध्ये प्रोग्रॅमडेटा, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज डिफेंडर आणि प्लॅटफॉर्म या क्रमाने असलेल्या फोल्डरमध्ये असते. काही संगणकांवर ती प्रोग्रॅम फाइल्समधील विंडोज डिफेंडर या फोल्डरमध्ये मिळते.

५. फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' पाहा. तिथे मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी हवी.

फाइल डाउनलोड्स, टेम्प किंवा भलत्याच फोल्डरमध्ये सापडली तर ती तोतया असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी विंडोज सिक्युरिटीमधून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. आधी उघडे काम सेव्ह करा, कारण संगणक रीस्टार्ट होतो. ही तपासणी विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी होते, त्यामुळे लपलेला प्रोग्रॅम तिला अडवू शकत नाही. तिला साधारण १५ मिनिटे लागतात.

उपाय : या क्रमाने करून पाहा

थोडे थांबा. संगणक चार्जरला लावून तासभर मोकळा सोडा. अर्धवट राहिलेली तपासणी पूर्ण झाली की वापर बहुतेक वेळा आपोआप खाली येतो.

अपडेट करा. विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जाऊन अपडेट तपासा. विंडोज अपडेटही पूर्ण करा आणि संगणक रीस्टार्ट करा.

तपासणीची वेळ बदला. स्टार्ट मेनूमधून 'टास्क शेड्युलर' उघडा. टास्क शेड्युलर लायब्ररीत मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर असे आत जा. 'विंडोज डिफेंडर शेड्युल्ड स्कॅन'वर डबल क्लिक करा. 'ट्रिगर्स'मध्ये नवी वेळ द्या, उदाहरणार्थ रविवारी दुपारी जेवणाची. 'कंडिशन्स'मध्ये संगणक रिकामा असतानाच काम सुरू व्हावे, असा पर्याय आहे. निवडलेल्या वेळी संगणक चालू असायला हवा, नाहीतर तपासणी होणार नाही.

दोन अँटिव्हायरस आहेत का पाहा. दुसरा अँटिव्हायरस नीट चालू असेल तर डिफेंडर आपणहून बाजूला होतो. पण नव्या लॅपटॉपसोबत आलेला आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच पडून असेल, तर गोंधळ होऊ शकतो. वापरत नसाल तर तो काढून टाका.

अपवाद द्या, पण जपून. 'मॅनेज सेटिंग्ज'च्या खाली 'एक्सक्लुजन्स' आहे. तिथे दिलेले फोल्डर डिफेंडर तपासत नाही. प्रोग्रॅमिंग किंवा व्हिडिओ संपादन करणाऱ्यांच्या कामाच्या फोल्डरमध्ये हजारो फाइली सतत बदलत असतात, तिथे याचा उपयोग होतो. संपूर्ण सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्स फोल्डर मात्र कधीही अपवादात टाकू नका. घराला कुलूप लावून किल्ली दारातच ठेवण्यासारखे ते आहे. ही यादी एकदा उघडून जरूर पाहा. तुम्ही न टाकलेले नाव तिथे असेल तर काढून टाका, कारण काही घातक प्रोग्रॅम स्वतःला गुपचूप या यादीत घालतात.

हे करू नका

'एंड टास्क' दाबून ही प्रक्रिया थांबत नाही. विंडोज तिला मुद्दाम संरक्षण देते, नाहीतर कोणताही व्हायरस आल्याआल्या पहारेकऱ्यालाच संपवेल.

रजिस्ट्रीत 'डिसेबल-अँटि-स्पायवेअर' ही नोंद करण्याचा सल्लाही अजून फिरतो. २०२० पासून घरगुती संगणकांवर डिफेंडर ही नोंद जुमानत नाही. त्यासाठी 'टॅम्पर प्रोटेक्शन' बंद करायला सांगितले जात असेल तर तिथेच थांबा.

डिफेंडर काढून टाकणारी 'टूल्स' तर अधिकच धोक्याची. ती चालवण्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्यावे लागतात, म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती संपूर्ण संगणक देणे. त्यानंतर एखादे रॅन्समवेअर आले तर फोटो, हिशेब, प्रबंध अशा सगळ्या फाइली कुलूपबंद होतात. पैसे भरले तरी त्या परत मिळतीलच याची हमी नसते.

स्क्रीनवर फोन नंबर दिसला तर?

संगणक संथ झाल्यावर घाबरलेला माणूस नेटवर उपाय शोधतो, आणि इथेच फसवणूक करणारे टपलेले असतात. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असा इशारा स्क्रीनभर झळकतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीच नसतो. असा इशारा ब्राउझरमधली केवळ एक खिडकी असते. ती बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोनवरच्या माणसाला संगणकाचा दूरस्थ ताबा देऊ नका, ओटीपी सांगू नका. भारतात पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेला कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणे अवघड.

तरीही संथच असेल तर?

टास्क मॅनेजरमधला 'डिस्क'चा रकाना पाहा. डिफेंडर शांत असतानाही डिस्कचा वापर सतत १०० टक्क्यांच्या आसपास असेल, तर मूळ अडचण बहुधा डिस्कची आहे. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या, कारण हार्ड डिस्क बिघडण्याआधीही संगणक असाच रखडतो. मग तिच्या जागी एसएसडी बसवून घ्या. जुन्या संगणकात एवढा एक बदल केला तरी मोठा फरक जाणवतो, आणि पहारेकऱ्यालाही घरी पाठवावे लागत नाही.