एक नभोनाट्य, तीन काळांचे श्रोते

#थ्रेड

१. रेडिओच्या इतिहासात कोणते नाटक कधी प्रसारित झाले, हे शोधणे सोपे असते. ऐकणाऱ्याला ते कसे वाटले, हे शोधणे अवघड. संहिता उरते, ध्वनिमुद्रण उरते; श्रोत्याच्या अंगावर आलेला काटा कोणत्याही दप्तरात जपून ठेवता येत नाही. आज ‘द हिच-हायकर’ या गाजलेल्या अमेरिकन भूतकथेच्या श्रोत्यांचा माग काढू. (कथेचा शेवट पुढे उघड होतो.)

२. लेखिका ल्युसिल फ्लेचर. १९४० साली त्या आणि त्यांचे पती, संगीतकार बर्नार्ड हरमन, ब्रुकलिनहून मोटारीने कॅलिफोर्नियाला निघाले. ब्रुकलिन पुलावर त्यांना एक विचित्रसा माणूस दिसला. काही वेळाने न्यू जर्सीतल्या पुलास्की स्कायवेवर तोच माणूस पुन्हा दिसला! पुढे तो कधीच भेटला नाही. पण त्याने फ्लेचर यांना एक नाटक दिले.

३. नाटकातला रोनाल्ड ॲडम्स आईचा निरोप घेऊन एकटाच कॅलिफोर्नियाला निघतो. पुलावर पावसात एक मनुष्य गाडीसाठी हात करताना दिसतो. पुढे पेनसिल्व्हेनियात, ओहायोत, ओक्लाहोमात, तोच. कोकणातला चकवा वाटसरूची वाट चुकवतो. हा मनुष्य वाट मुळीच चुकवीत नाही. प्रत्येक वळणावर तो आधीच येऊन उभा असतो.

४. हैराण झालेला ॲडम्स न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावाहून घरी फोन लावतो. यंत्रात नाणी पडत राहतात. अखेर एक अनोळखी स्त्री सांगते : बाई इस्पितळात आहेत, त्यांच्या मनाने धसका घेतला आहे. त्यांचा थोरला मुलगा रोनाल्ड सहा दिवसांपूर्वी ब्रुकलिन पुलावर अपघातात गेला. ऐकणाऱ्याला आणि ॲडम्सला सत्य एकाच क्षणी कळते.

५. पहिले प्रसारण १७ नोव्हेंबर १९४१ रोजी झाले. ॲडम्सचा आवाज ऑर्सन वेल्स यांचा, संगीत हरमन यांचे. कार्यक्रमाचे प्रायोजकत्व ‘लेडी एस्थर’ या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीकडे होते. म्हणजे ही मृत्यूची कथा पावडर-क्रीमच्या जाहिरातींच्या सोबतीने घरोघर पोहोचली.

६. तेव्हा श्रोत्यांचे मत कसे मोजत? १९३० पासून क्रॉस्ली यांची संस्था लोकांना फोन करून आधी काय ऐकले ते विचारी. १९३४ पासून हूपर यांची संस्था ‘या क्षणी काय ऐकत आहात’ असे विचारू लागली. ही पाहणी टेलिफोनवर अवलंबून होती. १९४० च्या जनगणनेनुसार सुमारे ८३ टक्के अमेरिकन घरांत रेडिओ होता, टेलिफोन मात्र सुमारे ३७ टक्के घरांत. निम्म्याहून अधिक श्रोतृवर्ग या पाहणीच्या कक्षेबाहेरच राहिला.

७. शिवाय या आकड्यांतून किती घरांनी ऐकले ते कळते. ऐकताना कोण दचकले, कोणी दिवा लावला, कोणी रेडिओच बंद केला, ते कळत नाही. म्हणून इतिहासकाराला दुसरा रस्ता धरावा लागतो : ते नाटक कोणत्या दिवसांत ऐकले गेले, हे पाहण्याचा.

८. नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती. पेट्रोल हवे तितके मिळत होते. ब्रुकलिन ते कॅलिफोर्निया हा प्रवास म्हणजे तरुणाचे स्वातंत्र्य. त्या श्रोत्यासाठी भय बाहेरचे होते : मोकळ्या, ओळखीच्या रस्त्यावर उभा असलेला अनोळखी मनुष्य.

९. तीनच आठवड्यांनी, ७ डिसेंबरला, पर्ल हार्बरवर हल्ला झाला. जानेवारी १९४२ मध्ये टायरचे रेशनिंग सुरू झाले, फेब्रुवारीत नागरिकांसाठी मोटारी बनविणे थांबले, मे महिन्यात पूर्व किनाऱ्यावरील राज्यांत पेट्रोलही शिधापत्रिकेवर आले. ॲडम्सचा तो मोकळा रस्ता वर्षभरात इतिहासजमा झाला.

१०. २ सप्टेंबर १९४२ रोजी वेल्स यांनी हेच नाटक ‘सस्पेन्स’ या नव्या मालिकेत पुन्हा सादर केले. नायक तोच, कथा तीच. पण आता घरोघरचे तरुण मुलगे आईचा निरोप घेऊन खरोखरच दूर निघाले होते. मुलगा गेल्याची बातमी तारेने घरी येत होती.

११. १९४३ चे एक सरकारी भित्तिपत्रक पाहा. मोटारीत एकटाच चालक बसला आहे आणि शेजारच्या आसनावर हिटलरची भुतासारखी पुसट आकृती आहे. आशय असा : एकट्याने गाडी हाकणे म्हणजे शत्रूला सोबत नेणे. हेतू इंधनबचतीचा. पण एकटा चालक आणि त्याचा अदृश्य सोबती ही प्रतिमा त्या काळाच्या मनात किती सहज बसत होती, हे त्यातून दिसते.

१२. मला वाटते, १९४२ च्या श्रोत्यासाठी नाटकाचे केंद्रच सरकले. रस्त्यावरचा मनुष्य मागे पडला, टेलिफोन पुढे आला. भुताचे भय ओसरते. पण आपण जिवंत आहोत हे आईला सांगायला धडपडणारा मुलगा, आणि त्याच्याच मृत्यूने खचलेली आई, हे चित्र त्या साली कल्पनेतले उरले नव्हते.

१३. २१ जून १९४६ रोजी वेल्स यांनी ‘मर्क्युरी समर थिएटर’मध्ये ते पुन्हा केले. युद्ध संपले होते. चार लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक परतले नव्हते. आपण मेलो आहोत हे न कळलेला आणि घराकडे हाक घालणारा तरुण त्या श्रोत्यांनी कोणत्या मनाने ऐकला असेल, याची कल्पना करावी.

१४. पुढे २२ जानेवारी १९६० रोजी रॉड सर्लिंग यांनी ही कथा ‘द ट्वायलाइट झोन’ या दूरदर्शन मालिकेत आणली. नायकाच्या जागी नॅन ॲडम्स ही तरुणी आली, पुलावरचा अपघात जाऊन फुटलेला टायर आला. घरी केलेला फोन आणि खचलेली आई मात्र तशीच राहिली. कथेचा प्राण कुठे आहे, हे रूपांतरकाराने नेमके ओळखले होते.

१५. आज हे नाटक ऐकणाऱ्यांकडून एक आक्षेप हमखास येतो : ‘शेवट आधीच कळतो.’ खरे आहे. पण ही कल्पना १९४१ मध्येही कोरी नव्हती. आपला अंत न उमगलेला माणूस अँब्रोज बिअर्स यांनी १८९० मध्येच रंगवला होता. केवळ धक्क्यावर उभे असते, तर हे नाटक पहिल्या प्रसारणानंतरच संपले असते. शेवट ठाऊक असूनही लोक ते ऐकत आले.

१६. म्हणून जुन्या नाटकाबद्दल ‘लोकांना ते कसे वाटले?’ असे विचारताना आणखी एक प्रश्न जोडावा : कोणत्या लोकांना, कोणत्या साली? संहितेतला शब्द न बदलताही अर्थ बदलतो, कारण ऐकणाऱ्याच्या घरात दरम्यान काहीतरी घडून गेलेले असते. श्रोत्याचे मत हे नाटकाइतकेच त्याच्या काळाचेही साधन आहे.

१७. १९४२ आणि १९४६ ची ध्वनिमुद्रणे आज ऐकता येतात. दोन्ही ऐका, शक्यतो रात्री, दिवा मालवून. आणि जरूर कळवा : तुम्ही अधिक कुठे थबकलात? पुलावर, की टेलिफोनवर?