घरी बनवलेलं लाकूड फोडण्याचं मशीन: ‘किती टनांचं?’ यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न कोणता?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. लोखंडी गर्डरवर आडवा ठेवलेला ओंडका, मागून सरकत येणारा दांडा आणि समोर पाचर. काही सेकंदांत ‘कर्र’ असा आवाज होतो आणि ओंडक्याच्या दोन फोडी खाली पडतात. खाली कमेंटमध्ये हमखास विचारलं जातं, ‘किती टनांचं आहे?’

या यंत्राला लॉग स्प्लिटर म्हणतात. अमेरिका, कॅनडा, उत्तर युरोप, रशिया अशा थंड प्रदेशांत अनेक घरं हिवाळ्यात लाकडावर गरम ठेवली जातात. तिथे हे यंत्र शेतघरांच्या अंगणात सहज दिसतं. बरेच जण ते विकत घेण्याऐवजी जुनं इंजिन, भंगारातला गर्डर आणि ट्रॅक्टरचा सिलिंडर जोडून स्वतःच बनवतात. काही जण विकतच्या मशीनमध्ये हवे तसे बदल करतात.

हा जुगाड नेमका कसा चालतो? त्यातले कोणते बदल कामाचे आणि कोणते बदल हातावर बेततात? समजून घेऊया.

लाकूड फोडायचंच कशाला?

फक्त शेगडीत मावावं म्हणून नाही. मुख्य कारण आहे ओलावा.

नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या लाकडात पाण्याचं प्रमाण खूप असतं. कित्येक जातींत ते एकूण वजनाच्या निम्म्याच्या आसपास जातं. असं लाकूड पेटवलं तर बरीचशी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. धूर वाढतो आणि धुराड्यात काजळीचा चिकट थर बसतो. हा थर पुढे पेटून आगही लागू शकते.

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था म्हणजे ईपीए सांगते, की जळणातला ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी हवा आणि त्यासाठी लाकूड फोडून किमान सहा महिने वाळवावं. साल शाबूत असलेला गोल ओंडका फार हळू वाळतो, कारण साल पाणी सहज बाहेर सोडत नाही. फोडल्यावर आतला भाग उघडा पडतो आणि वारा लागतो.

अमेरिकेत जळण ‘कॉर्ड’ या मापात मोजतात. एक कॉर्ड म्हणजे ८ फूट लांब, ४ फूट उंच आणि ४ फूट रुंद रचलेला ढीग, म्हणजेच १२८ घनफूट. थंड भागातल्या घराला एका हिवाळ्यात असे काही ढीग लागू शकतात. एवढं लाकूड कुऱ्हाडीने फोडायचं तर खांदा आणि कंबर दोन्ही बोलू लागतात. मशीनची गरज तिथून सुरू होते.

हायड्रॉलिक मशीन चालतं कसं?

लाकडाचे तंतू उभे, एकमेकांना चिकटून असतात. ते आडवे कापणं अवघड, पण एकमेकांपासून सोडवणं त्या मानाने सोपं. पाचर हेच काम करते. ती तंतू कापण्यापेक्षा त्यांना बाजूला सारते. चीर एकदा पुढे धावली की बाकीचं काम लाकूड स्वतःच करतं. गाठ असेल तिथे मात्र तंतू वाकडेतिकडे गुंतलेले असतात आणि तिथेच मशीनची परीक्षा होते.

हायड्रॉलिक मशीनमध्ये इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, तेल सिलिंडरमधला दांडा पुढे रेटतं आणि दांडा ओंडक्याला पाचरीवर दाबतो. मध्ये एक व्हॉल्व्ह असतो. त्याच्या लिव्हरने दांडा पुढे-मागे करता येतो.

आता तो ‘किती टन’चा हिशोब. तो अगदी सोपा आहे: तेलाचा दाब गुणिले सिलिंडरच्या आतल्या गोलाचं क्षेत्रफळ.

समजा सिलिंडरचा आतला व्यास १०० मिलिमीटर आहे. क्षेत्रफळ झालं सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर. दाब १७५ बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १७८ किलो. गुणाकार येतो जवळपास १४ टन. सिलिंडर १२५ मिलिमीटरचा घेतला तर तोच दाब सुमारे २२ टन जोर देतो.

पण फुकट काहीच मिळत नाही. ६० सेंटिमीटर पुढे जायला १०० मिलिमीटरच्या सिलिंडरला ४.७ लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला ४० लिटर देत असेल तर सात सेकंद. १२५ मिलिमीटरच्या सिलिंडरला त्याच कामासाठी ७.४ लिटर तेल आणि ११ सेकंद लागतात. म्हणजे जोर दीडपट झाला, पण वेळही दीडपट झाला.

छोट्या इंजिनावर एवढा जोर येतो कुठून?

याचं उत्तर आहे दोन टप्प्यांचा पंप. मिनिटाला ४० लिटर तेल १७५ बार दाबाने द्यायचं तर १५-१६ हॉर्सपॉवर लागतील. घरगुती मशीनवर मात्र अनेकदा ५-६ हॉर्सपॉवरचंच इंजिन दिसतं.

दांडा मोकळा सरकत असताना हा पंप भरपूर तेल कमी दाबाने देतो. पाचर लाकडाला भिडून दाब वाढला, की पंप आपोआप दुसऱ्या टप्प्यात जातो. आता तेल साधारण पाव होतं, पण पूर्ण दाबाने येतं. सायकलवर चढ आल्यावर गिअर बदलावा तसंच हे. म्हणून घरी मशीन बनवणारे अनुभवी लोक मोठं इंजिन शोधण्याआधी असा पंप शोधतात.

हायड्रॉलिकशिवाय आणखी कोणते प्रकार?

*बॉटल जॅक:* ट्रक उचलायचा जॅक लोखंडी चौकटीत बसवून ओंडका पाचरीवर दाबायचा. जोर भरपूर, खर्च कमी, पण वेग अगदीच मंद. एखादा गाठाळ ओंडका फोडायला ठीक आहे, हिवाळाभराच्या जळणासाठी नाही.

*फ्लायव्हील:* यात तेल नसतं. जड चाकं फिरवून त्यांत ऊर्जा साठवतात आणि लिव्हर दाबताच ती दातेरी पट्टीमार्फत दांड्याला मिळते. एक फेरी तीनेक सेकंदांत पूर्ण होते. वेग हाच त्याचा फायदा आणि चूक सुधारायला वेळ न मिळणं हाच त्याचा तोटा.

*शंकूचा स्क्रू:* आटे पाडलेला टोकदार लोखंडी शंकू फिरत राहतो, लाकडात शिरतो आणि ते फाडतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत लाकडाच्या शेगड्यांकडे लोक पुन्हा वळले. त्या दशकात गाडीचं मागचं चाक काढून त्या जागी बोल्टने बसवायचे शंकूही तिथे विकले जात होते. रशियात आजही वॉशिंग मशीनच्या जुन्या मोटरवर असे शंकू बसवलेले दिसतात. मिनिटाला सुमारे १४४० फेरे मारणारी मोटर शंकूला थेट जोडणं धोक्याचं, म्हणून मध्ये पट्टा आणि पुली घालून वेग बराच खाली आणावा लागतो.

हा प्रकार बनवायला सगळ्यात सोपा आणि वापरायला सगळ्यात फसवा आहे. ओंडका अडकला तर तो शंकूसोबत स्वतःच गरगर फिरू लागतो. हातमोजा, बाही किंवा ओढणी आट्यात गुंतली तर माणूसही ओढला जातो. इथे मागे घ्यायला दांडाच नसतो. मोटर थांबेपर्यंत शंकू फिरतच राहतो.

खरा धोका जोरात आहे की हातात?

लाकूड फुटायला लागतो त्यापेक्षा कितीतरी कमी जोर बोटं चिरडायला पुरतो. त्यामुळे मशीन ५ टनांचं आहे की २५, याने हाताला काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो दांडा सरकताना हात कुठे आहे याने.

ओंडका तिरका कापलेला असेल तर तो गर्डरवर नीट बसत नाही. मग साहजिकच एका हाताने तो धरून दुसऱ्या हाताने लिव्हर दाबावीशी वाटते. किंवा एक जण ओंडका ठेवतो आणि दुसरा लिव्हर चालवतो. ‘झालं का?’ ‘हो!’ या दोन शब्दांत गफलत झाली तरी पुरे. म्हणून ओंडका ठेवणारा आणि लिव्हर चालवणारा एकच माणूस असावा, हा सुरक्षेचा पहिला नियम.

युरोपात ईएन ६०९ हे मानक खास या यंत्रांसाठी आहे. पहिला भाग पाचरीच्या, तर दुसरा स्क्रूच्या यंत्रांसाठी. तिथल्या घरगुती पाचर-मशीनवर सहसा दोन हँडल असतात. दोन्ही हात हँडलवर असतील तरच दांडा पुढे जातो, एक हात सोडला की थांबतो. दोन्ही हात हँडलवर असताना बोट पाचरीजवळ जाऊच शकत नाही.

आणि बदल करणारे सगळ्यात आधी हेच काढून टाकतात! एक हँडल तारेने बांधायचं, म्हणजे एका हाताने काम होतं. अनेक व्हॉल्व्हमध्ये दांडा मागे येताना लिव्हर स्वतः अडकून राहते, पुढे जाताना मात्र दाबून धरावी लागते. काही जण पुढची बाजूही अडकेल असं करून घेतात. वेळ वाचतो, पण हात मध्ये आला तरी दांडा थांबत नाही.

पंचतंत्रातली माकडाची गोष्ट आठवते? सुतारांनी अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात पाचर ठोकून ठेवलेली असते. माकड फटीवर बसून ती उपटतं आणि फट मिटून चिरडलं जातं. अर्धवट फुटलेल्या ओंडक्याच्या चिरेत बोटं घालून तो ओढणारा माणूस नेमकं तेच करत असतो.

कोणते बदल चांगले, कोणते टाळायचे?

कामाचे बदल:

- पाचरीच्या दोन्ही बाजूंना टेबल. फोडी पायावर पडत नाहीत आणि वाकावं लागत नाही.
- जड ओंडका उचलण्यासाठी छोटी यारी.
- चार तुकडे करणारी पाचर. तिला जोर जास्त लागतो, म्हणून ती सरळ धाग्याच्या लाकडासाठी वापरायची आणि गाठाळ लाकडासाठी काढून ठेवायची.
- इंजिनाऐवजी इलेक्ट्रिक मोटर. आवाज आणि धूर कमी होतो. पेट्रोल इंजिन बंद शेडमध्ये चालवलं तर कार्बन मोनॉक्साईडने जीव जाऊ शकतो.

टाळायचे बदल:

- रिलीफ व्हॉल्व्ह आवळून दाब वाढवणं. दाब मर्यादेपुढे गेला की तेल परत टाकीत सोडणं हे या व्हॉल्व्हचं काम. तो आवळला तर पुढचा कमकुवत भाग फुटतो. तो पाइप असेल, सिलिंडर असेल किंवा वेल्डिंग.
- अंदाजाने केलेलं वेल्डिंग. ओंडका गर्डरच्या वर असतो, त्यामुळे जोर पाचरीच्या बुडाशी वाकवणारा ताण आणतो. १४ टन जोर २० सेंटिमीटर उंचीवर लागला तर तो ताण २.८ टन-मीटर होतो. पाचरीचा आणि सिलिंडरच्या बैठकीचा सांधा हा पट्टीच्या वेल्डरकडूनच करून घ्यावा.
- दोन हातांचं नियंत्रण काढून टाकणं.

आणखी एक गोष्ट. पाइपमधून तेल गळतंय का, हे हात फिरवून कधीही बघू नका. सुईएवढ्या छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडीत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आतला भाग सडू शकतो आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा, तोही मशीन बंद करून जोडण्या तपासून झाल्यावरच.

महाराष्ट्रात याची गरज आहे का?

आपल्याकडे घर गरम ठेवायला नाही, पण चुलीला आणि अंघोळीच्या पाण्याच्या बंबाला आजही जळण लागतं. एवढ्यासाठी कुऱ्हाड, लोखंडी पाचर आणि घण पुरतात. बाभळीचा गाठाळ बुंधा असेल तर मधोमध घाव घालण्यापेक्षा कडेकडेने फोडी काढत गेलेलं बरं.

बारीक ढलप्यांसाठी न्यूझीलंडच्या आयला हचिन्सनला शाळेत असताना सुचलेली कल्पना पाहण्यासारखी आहे. ढलप्या काढताना तिच्या आईचं बोट कापलं. मग तिने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी सगळी रचनाच उलटी केली. धार वर करून घट्ट बसवलेली, भोवती लोखंडी कडं. कड्यात लाकूड उभं करायचं आणि वरून हातोडी मारायची. हलणाऱ्या वस्तूला धारच नाही! हेच पुढे ‘किंडलिंग क्रॅकर’ नावाने बाजारात आलं. यात ना इंजिन आहे, ना तेल. गावातला कुशल फॅब्रिकेटर यासारखी वस्तू बनवू शकेल.

रसवंती, भट्टी किंवा वखारीसाठी रोज लाकूड फोडायचं असेल, तर मशीनचा विचार जरूर करा. मात्र फॅब्रिकेटरकडे गेल्यावर ‘किती टनांचं बनवणार?’ हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न असा विचारा: ‘मी लिव्हर सोडली तर दांडा लगेच थांबेल ना?’ उत्तर ‘हो’ नसेल, तर बाकीचा हिशोब करण्यात अर्थ नाही.