तळटीप : तागाचा बेवड
१. मूळ ग्रंथकाराने येथे तागापासून मिळणाऱ्या नत्राचाच उल्लेख केला आहे. परंतु वांगी, कोबी, कांदा यांच्या मळ्यात, जेथे वर्षातून दोन-तीनदा नांगर-कुळव फिरून सेंद्रिय द्रव्याचा झपाट्याने ऱ्हास होतो, तेथे या पिकाचे कार्य त्याहून व्यापक आहे. पेरणीनंतर सुमारे 6 ते 8 आठवड्यांनी, फुलोऱ्याच्या आरंभी, काडी बोटांत कट्‌कन मोडते अशा कोवळ्या अवस्थेत गाडलेला ताग, ओल पुरेशी असल्यास, लवकर कुजून सूक्ष्म जीवांचे पोषण करतो व माती भुसभुशीत होते. मात्र त्यातील बहुतांश कर्ब त्याच त्वरेने वायुरूपाने निघून जात असल्यामुळे एका हंगामाच्या तागापासून स्थायी ह्यूमसची भरीव वाढ अपेक्षिणे अयोग्य होय. शेंगा धरल्यावर काडी वाखाने चिवट होते. ती गाडल्यास कुजविणारे जीव जमिनीतलेच नत्र खर्ची घालतात आणि नुकतीच लावलेली रोपे पिवळी पडतात. म्हणून दरसाल ताग आणि त्याच्या जोडीस मुरलेले शेणखत अथवा सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूर येथे सिद्ध केलेल्या पद्धतीचे कंपोस्ट, असा शिरस्ता मळेवाल्यांनी ठेवावा, असे आमचे आग्रहाचे मत आहे.