रूढी आणि कर्करोग

कर्करोग हा सुधारलेल्या पाश्चात्त्य राष्ट्रांचा रोग असून आपल्या देशात तो क्वचितच आढळतो, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळ डॉक्टरांतही प्रचलित होती. विश्वनाथ व ग्रेवाल यांनी १९३५ पासूनच्या काही वर्षांत निरनिराळ्या रुग्णालयांतील नोंदी तपासल्या, तेव्हा या समजुतीतील फोलपणा उघड झाला. सामान्य जनांच्या लेखी मात्र हा रोग म्हणजे पूर्वसंचिताचे फळ होते, आणि जे दैवाने आले त्याचे कारण शोधण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही.

हे कारण शोधण्याची सोय मुंबईत परळ येथे झाली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या, आणि पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तांनी उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर या विकृतिविज्ञानाच्या प्राध्यापकाकडे होती. उपचार आणि संशोधन एकाच छपराखाली असल्याचा लाभ मोठा होता. दूरदूरच्या प्रांतांतून रोगी येत, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या चालीरीतीही संशोधकाच्या दृष्टीस पडत.

१९४५ साली डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. रूढींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांचे वर्णन त्यात होते. पहिला धोतराचा, वर्षानुवर्षे कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या घर्षणाने तेथील त्वचेवर उद्भवणारा. दुसरा चुट्ट्याचा, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल आंध्रच्या किनाऱ्याकडे होती, आणि त्या लोकांत तो टाळूला होई. तिसरा खैनीचा, चुना लावून मळलेली तंबाखू खालच्या ओठाच्या आत धरून ठेवणाऱ्यांना त्याच जागी होणारा. काश्मिरात पोटाशी कांगडी बाळगणाऱ्यांच्या त्वचेवरील कर्करोग तर पूर्वीपासूनच ठाऊक होता. रोगाची जागा आणि रूढीची जागा एकच, हा या सर्वांतील समान धागा होय.

या शोधाचे महत्त्व केवळ शास्त्रीय नव्हते. रोगाचे मूळ सवयीत असेल, तर सवय सोडून तो टाळताही येईल, ही आशा त्यात होती. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले संचालक खानोलकरच झाले. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. मूळचे गोव्याचे शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांनी रुग्णसेवेत आयुष्य वेचले. त्यांचे नाव आज रुग्णालयासमोरील रस्त्याला आहे. डॉ. जस्सावाला यांच्या प्रयत्नाने १९६३ पासून मुंबईतील कर्करोगाची पद्धतशीर नोंद होऊ लागली.

शास्त्रज्ञांनी आपले काम केले. राज्यकारभाराची चाल मात्र मंद राहिली. पाकिटावर धोक्याची सूचना छापण्याची सक्ती करणारा कायदा १९७५ साली झाला, पण तो केवळ सिगारेटपुरता होता. ज्या खैनीचे आणि चुट्ट्याचे दुष्परिणाम तीस वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते, ती त्यातून सुटली. तंबाखूच्या सर्व पदार्थांना लागू होणारा कायदा यावयास २००३ साल उजाडले. प्रस्तुत लेखक स्वतः शासनसेवेत असल्याने या दिरंगाईकडे त्याला त्रयस्थपणे पाहता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले सत्य कायद्याच्या पुस्तकात येण्यास अठ्ठावन्न वर्षे लागली. त्या अवधीत किती घरांनी त्याची किंमत मोजली असेल, याचा विचार कारभार पाहणाऱ्यांनी अवश्य करावा. धोतर सैल नेसणे एखाद्याच्या हाती असते. पण शेतापासून दुकानापर्यंत पसरलेला तंबाखूचा व्यापार आवरणे एकट्या डॉक्टरांच्या हाती नाही.